खाऱ्या हवेतली हार्ड डिस्क: कूलर निवडताना आणि बसवताना

वैशाखात कोकणातल्या एखाद्या फोटो स्टुडिओत किंवा डीटीपी करणाऱ्याच्या खोलीत डोकावले, तर एक दृश्य हमखास दिसते. संगणकाच्या कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून भिंतीला टेकवलेले असते आणि उघड्या पडलेल्या यंत्राकडे तोंड करून टेबल फॅन घरघरत असतो. मीही वेंगुर्ल्यात दोन उन्हाळे हेच केले. त्यामुळे हार्ड डिस्क थोडी निवत असे हे खरे. परंतु पुढून आत येऊन मागून बाहेर जाणारा हवेचा प्रवाह झाकण निघताच मोडतो, मदरबोर्डावर जांभ्याची तांबूस धूळ बसते आणि दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा थेट सर्किटपर्यंत पोहोचतो. तिसऱ्या वर्षी मी झाकण परत बसवायला घेतले, तेव्हा त्याचे दोन्ही स्क्रू गंजून तपकिरी झाले होते आणि एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, मागे पालीची दोन अंडी होती.

म्हणून डिस्कवर हवा खेळवणाऱ्या कूलरचा विचार करताना पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी लागते ती ही, की किनाऱ्यावर जी हवा डिस्क थंड करते तीच हवा मीठ आणि ओलावाही घेऊन येते. जास्तीत जास्त हवा देणारा कूलर इथे चांगला ठरत नाही. गरजेपुरती, गाळलेली आणि सतत वाहणारी हवा देणारा कूलर चांगला ठरतो.

गरज किती असते, हेही आधी पाहू. साडेतीन इंची, मिनिटाला ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क काम करताना साधारण ६ ते ८ वॅट वीज घेते आणि त्या सगळ्याची शेवटी उष्णता होते. पूर्वी देवघरात लावला जाणारा झिरोचा काचेचा दिवा याहून जास्त वीज खात असे. एवढी उष्णता काढून नेण्यासाठी झंझावाती पंखा लागत नाही. डिस्कच्या दोन्ही अंगांनी मंद झुळूक वाहत राहिली तरी भागते. अडचण होते ती डिस्क बंद खणात, दुसऱ्या डिस्कला चिकटून आणि केबलींच्या जंजाळामागे दडलेली असते तेव्हा.

पैसे खर्च करण्यापूर्वी तापमान मोजावे. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. लिनक्स वापरणाऱ्यांना स्मार्टमॉनटूल्समधील स्मार्टसीटीएल ही आज्ञा माहीत असेलच. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात; तिच्यात १९४ क्रमांकाच्या ओळीत तापमान असते. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये उजवीकडचे मूळ आकडे सोळा-आधारी पद्धतीत दिसतात, त्यामुळे तिथे २बी असे दिसले तर घाबरू नये; दोन सोळे बत्तीस आणि बीचे अकरा, म्हणजे ४३ अंश. वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत तेच तापमान नेहमीच्या पद्धतीने दिलेले असते. त्याच यादीतल्या ५ आणि १९७ या ओळींकडेही नजर टाकावी. पहिलीत निकामी म्हणून बदललेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या डेटाच्या छोट्या कप्प्यांची, आणि दुसरीत संशयास्पद सेक्टरांची संख्या असते. तिथले आकडे शून्याच्या वर असून वाढत असतील, तर कूलर आणायला जाऊ नये. आधी सगळा डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा आणि नव्या डिस्कचे बघावे.

मोजणी भर दुपारी करावी, अर्धा तास मोठ्या फाइलींची नक्कल चालू ठेवून करावी आणि त्याच वेळी खोलीचे तापमानही टिपून ठेवावे. पंखा कितीही चांगला असला तरी तो डिस्कला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून निर्णय या दोन आकड्यांमधल्या फरकावर घ्यायचा. खोलीत ३३ अंश आणि डिस्क ४३ वर असेल, तर सगळे ठीक आहे. डिस्क नेहमी ५० च्या आसपास किंवा वर राहत असेल, तर तिला हवा मिळत नाही असे समजावे. बहुतेक घरगुती डिस्कांसाठी कंपन्या ६० अंशांची मर्यादा सांगतात, परंतु त्या मर्यादेला टेकून वर्षानुवर्षे चालवणे मला पटत नाही.

उलट टोकही तितकेच टाळावे. गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास मांडला होता. त्यात मध्यम तापमानाच्या डिस्कांपेक्षा अगदी थंड राहिलेल्या डिस्का अधिक संख्येने बिघडल्याचे दिसले आणि उष्णतेचा त्रास मुख्यतः फार वरच्या तापमानाला व जुन्या झालेल्या डिस्कांमध्ये जाणवला. कोकणात याला आणखी एक कारण जोडता येते. आजूबाजूच्या हवेपेक्षा थोड्या उबदार असलेल्या पृष्ठभागावर ओलावा धरत नाही. आषाढात भिंतींना पाझर फुटतो आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तेव्हा ३८ ते ४० अंशांवर चालणारी डिस्क ही कोरडी डिस्क असते. तिला आणखी थंड करण्याचा हट्ट कशासाठी?

तापमान जास्त निघाले, तरी आधी फुकटचे उपाय करून पाहावेत. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढावे आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे. समुद्राकडच्या खिडकीसमोर ते ठेवू नये. जमिनीवरही ठेवू नये. धूळ खाली जास्त असते आणि चिपळूणकरांना जुलै २०२१ च्या पुरानंतर या सल्ल्याचे दुसरे कारण सांगावे लागत नाही. दोन डिस्का असतील तर त्यांच्यामध्ये एक खण रिकामा सोडावा. अनेकदा एवढ्यानेच पाच-सहा अंश उतरतात आणि कूलरचा विषय संपतो.

तरीही गरज उरली, तर बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात. पहिला प्रकार म्हणजे डिस्कच्या तळाला स्क्रूने बसणारी, एक किंवा दोन लहान पंखे असलेली पट्टी. दुसरा प्रकार डीव्हीडी रायटरच्या रुंद खणात बसतो. त्यात डिस्क एका चौकटीत अडकवतात आणि पुढच्या बाजूला छोटे पंखे असतात. तिसरा म्हणजे वेगळा कूलर असा नव्हेच, तर कॅबिनेटच्या पुढच्या भागात, डिस्कच्या खणांसमोर बसवलेला १२० मिलिमीटरचा साधा पंखा. पंखा नसलेले ॲल्युमिनियमचे पत्रेही मिळतात. परंतु ज्या खणात हवाच हलत नाही तिथे ते फारसे काही करू शकत नाहीत.

माझे मत तिसऱ्याच्या बाजूने आहे आणि त्यामागे एक फसगत आहे. मी पहिल्यांदा तळाला बसणारी पट्टी घेतली, कारण ती स्वस्त होती आणि दुकानदाराने दहा मिनिटांचे काम म्हणून सांगितले. ४० मिलिमीटरच्या पंख्याला पुरेशी हवा ढकलण्यासाठी फार वेगाने फिरावे लागते, त्यामुळे रात्री शांततेत डास कानाशी गुणगुणावा तसा आवाज येत असे. तो आवाज गणपतीच्या सुमारास एकाएकी थांबला, तेव्हा मला बरेच वाटले. चार दिवसांनी आकडा पाहिला तर डिस्क ५४ वर होती. दोन्ही पंखे जाम झाले होते आणि ती पट्टी आता डिस्कच्या सर्किटवर गोधडीसारखी पांघरलेली होती. कूलर नव्हता तेव्हापेक्षा डिस्क अधिक तापत होती. पात्याखालचा स्टिकर सोलून पाहिला, तर आतले तेल वाळून काळे पडले होते आणि कडेला हिरवट गंज धरला होता.

या अनुभवातून पंखा निवडण्याची कसोटी मिळते. साध्या स्वस्त पंख्यात स्लीव्ह बेअरिंग असते, ज्याला पंखे दुरुस्त करणारे बुश म्हणतात. ते सुरुवातीला शांत चालते, पण उष्णतेने तेल सुकले की अडते. बॉल बेअरिंगचा पंखा थोडा आवाज करतो, पण अधिक टिकतो; फ्लुइड बेअरिंगचा शांतही असतो आणि टिकाऊही, फक्त महाग पडतो. किनाऱ्यावर या दोहोंपैकी एक घ्यावा. १२० मिलिमीटरचा, मिनिटाला ८०० ते १२०० फेऱ्यांचा पंखा आपल्या कामाला पुरतो. कॅबिनेटमध्ये पुढे तेवढी जागा नसेल, तर ८० मिलिमीटरचा घ्यावा. सोबत धुता येणारी नायलॉनची जाळी घ्यावी. काही कूलरना स्पंजचा फिल्टर असतो. दमट हवेत तो एक-दोन वर्षांत भुगा होऊन गळतो आणि तो भुगा पंखाच आत ओढतो, म्हणून तो टाळावा. डिस्क ज्या खणात आहे तिथे पुढच्या पंख्याची हवा पोहोचतच नसेल आणि खण बदलणेही शक्य नसेल, तरच पट्टीचा कूलर घ्यावा, तोही निदान ६० मिलिमीटरच्या पंख्याचा.

बसवण्याच्या दिवशी आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवावी. संगणक रीतसर बंद करावा, एसएमपीएसच्या मागचे बटण बंद करून वायर भिंतीतून व यूपीएसमधूनही काढावी आणि सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. कॅबिनेट उजेडात, टेबलावर आडवे ठेवावे. दमट हवेत स्थिर विजेचा धोका कमी असतो, तरीही आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा.

पुढचा पंखा बसवण्यासाठी समोरचा प्लॅस्टिकचा मुखवटा काढावा लागतो. तो खालच्या खाचेत बोटे घालून हळूहळू ओढावा. हिसका दिला तर बटणांच्या आणि यूएसबीच्या वायरी तुटतात. पंख्याच्या चौकटीवर बहुधा दोन बाण असतात, एक फिरण्याचा आणि एक हवेच्या दिशेचा. बाण नसतील तर मोटरला धरून ठेवणाऱ्या दांड्या ज्या बाजूला असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते असे समजावे. ती बाजू आत, डिस्ककडे यायला हवी. जाळी पंख्याच्या पुढे ठेवून चारही स्क्रू आधी सैल लावावेत आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आळीपाळीने घट्ट करावेत. तीन पिनांची वायर मदरबोर्डवर सिस फॅन किंवा चासिस फॅन असे लिहिलेल्या जागी खाच जुळवून लावावी. चार पिनांच्या जागेतही ती चालते. प्रोसेसरच्या पंख्याची जागा मात्र घेऊ नये. बोर्डवर जागाच नसेल, तर मोलेक्सचा, म्हणजे एसएमपीएसच्या चार पिनांच्या प्लगचा, जोड वापरून एसएमपीएसमधून थेट वीज घेता येते. मग पंखा पूर्ण वेगाने फिरेल एवढेच.

पट्टीचा कूलर असेल तर डिस्क बाहेर काढावी लागते. केबल ओढताना वायर न धरता तिचे टोक धरावे आणि खटका असल्यास तो दाबूनच काढावे. डिस्क चारपदरी घडी घातलेल्या पंचावर उलटी ठेवावी. टेबलावर नुसती टेकवतानाही धक्का बसतो. तळाला जाड दात्यांचे, सहा-बत्तीस मापाचे स्क्रू लागतात. डीव्हीडी रायटरचे बारीक दात्यांचे स्क्रू इथे बसल्यासारखे वाटतात, पण आटे खराब करतात. कूलरसोबत आलेलेच स्क्रू वापरावेत, कारण लांब स्क्रू आतपर्यंत जाऊन इजा करू शकतो. पट्टीचा धातू सर्किटला कुठेही टेकत नाही, हे बाजूने डोळा लावून पाहावे. हे छिद्र झाकू नये अशी सूचना ज्या छोट्या छिद्राजवळ छापलेली असते, ते उघडेच राहायला हवे; डिस्कच्या आतला आणि बाहेरचा हवेचा दाब त्यातून समान राहतो.

झाकण लावण्यापूर्वी एकदा संगणक सुरू करावा. हवेची दिशा पाहण्यासाठी काही जण उदबत्ती धरतात; धुराचे कण आत पाठवून काय साधते ते मला कळलेले नाही, कागदाची बारीक पट्टी जाळीसमोर धरली आणि ती आत ओढली गेली की झाले. मग झाकण लावून पहिल्यासारखीच मोजणी करावी. माझ्या संगणकावर पुढचा पंखा लागल्यावर भर मे महिन्यात आकडा ५१ वरून ४२ वर आला. स्मार्टच्या यादीतली १९९ क्रमांकाची ओळ वाढू लागली, तर डेटाची केबल सैल राहिली आहे असे समजावे.

यानंतर जे करायचे ते जाळीचे. मिठाने धूळ चिकट होते, म्हणून महिन्यातून एकदा जाळी साबणाच्या पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच लावावी. पाती मऊ ब्रशने पुसावीत. पंख्याचा आवाज बदलला तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बुशला चालतो. खोबरेल मात्र घालू नये, ते काही दिवसांनी चिकट होते, आणि कोकणात घरातले कुणी ना कुणी तोच सल्ला देते. वातानुकूलित खोलीतली डिस्क पावसाळ्यात बाहेर नेताना पिशवीत बंद करावी आणि ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय जोडू नये, नाहीतर तिच्यावर दव धरते.

मी झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून ठेवला आहे. जाळी धुतली की त्यावर तारीख, खोलीचे तापमान आणि डिस्कचे तापमान लिहितो. दोन आकड्यांतला फरक दोन-तीन अंशांनी वाढला, की महिना पुरा होण्याची वाट न पाहता जाळी काढतो.