कोकोपीट धुतल्याशिवाय पिशव्या भरू नका: पावसाळी लागवडीसाठी सल्ला

शेतकरी बंधू-भगिनींनो, मृगाच्या सरी सुरू झाल्या की शेडनेटमध्ये, अंगणात आणि गच्चीवर ग्रो बॅग, म्हणजे रोपे लावायच्या पिशव्या, भरण्याची एकच घाई होते. ढोबळी मिरची, टोमॅटो, तिखट मिरची आणि वांगी यांची रोपे नर्सरीत तयार असतात, ती ट्रेमध्ये उंच वाढत चाललेली दिसतात आणि मग कोकोपीटची वीट भिजवली, शेणखत मिसळले, पिशवी भरली, रोप लावले, असे सगळे एका दिवसात उरकले जाते. पिशवीतील पिकाचे नुकसान मी जेवढ्या वेळा पाहिले, त्यातले निम्म्याहून अधिक या एका दिवसाच्या घाईतून झालेले आहे. म्हणून या सल्ल्यात बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो आणि कोकोपीट धुण्याबद्दल सविस्तर लिहितो.

कोकोपीट हा नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा आहे. नारळ किनारपट्टीवर पिकतो आणि सोडणे पुष्कळदा खाडीच्या मचूळ पाण्यात कुजवली जातात, त्यामुळे या भुशात सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराईड हे क्षार मोठ्या प्रमाणात राहतात. वीट बांधण्यापूर्वी कारखान्यात भुसा गोड्या पाण्याने धुतला असेल तर काम हलके होते. परंतु वेष्टनावर ‘धुतलेले’ असे छापलेले असले म्हणून आतला माल तसा असतोच असे नाही. एकाच गाडीतून आलेल्या दोन विटांमध्येही मला मोठा फरक आढळला आहे.

गेल्या हंगामात मावळातील एका शेडनेटमध्ये ढोबळी मिरचीची रोपे पाहायला गेलो होतो. लागवडीला अठरा दिवस झाले होते, पानांच्या कडा विस्तवाजवळ धरल्यासारख्या करपल्या होत्या आणि शेंडे आखडले होते. दुकानदाराने आधी फुलकिडे सांगून एक फवारणी दिली, नंतर बोकड्या, म्हणजे पाने आखडण्याचा रोग, सांगून दुसरी दिली आणि शेवटी मुळी चालत नाही म्हणून ह्युमिकची बाटली दिली. मी पिशवीतले मूठभर मिश्रण स्टीलच्या पेल्यात पिळले आणि ते पाणी उन्हात ठेवले. दुपारपर्यंत पेल्याच्या तळाशी पांढरे कडे धरले. रोप उपटून पाहिले तर एकही पांढरी मुळी नव्हती, सगळी मुळे तांबूस होऊन टोकाला बोथट झाली होती. त्या तीन बाटल्यांच्या खर्चात सगळे कोकोपीट दोन वेळा धुऊन झाले असते.

धुण्याची पद्धत पुढीलप्रमाणे ठेवावी. ५ किलोची वीट २० ते २५ लिटर पाण्यात भिजवली की फुगून साधारण ७० लिटर भुसा होतो. तो गोणपाटात किंवा शेडनेटच्या तुकड्यात बांधून पाणी पूर्ण निथळू द्यावे. त्यानंतर पुन्हा पाण्यात तासभर बुडवून ठेवावा आणि पुन्हा निथळवावा. असे किमान तीन वेळा करावे. बोअरचे पाणी जड असेल तर या कामासाठी पावसाचेच पाणी वापरावे, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. पहिल्या एक-दोन सरींचे पत्र्यावरचे घाण पाणी सोडून द्यावे आणि पुढचे पिंपात धरावे. जूनमध्ये फुकट मिळणारे हे पाणी वाहून जाऊ देऊन ऑगस्टमध्ये त्याच क्षारांवर औषधे विकत आणणारे शेतकरी मी दरवर्षी पाहतो.

नुसत्या पाण्याने धुतल्यावर मोकळे क्षार निघून जातात, पण भुशाच्या कणांना धरून बसलेले सोडियम आणि पोटॅशियम जात नाही. ते पुढे हळूहळू सुटते, त्याची जागा भुसा खतातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने भरून काढतो, आणि आपण दिलेले कॅल्शियम झाडापर्यंत पोचतच नाही. टोमॅटोच्या फळाचा तळ काळा पडतो तो पुष्कळदा यामुळे. यासाठी धुतलेल्या एका विटेच्या भुशाला १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट २५ लिटर पाण्यात विरघळवून रात्रभर भिजत ठेवावे, सकाळी निथळवावे आणि शेवटी एकदा साध्या पाण्याने धुवावे. हे शेवटचे धुणे टाळू नये, कारण कॅल्शियमने बाहेर ढकललेले क्षार त्याच पाण्यात असतात.

तपासणीसाठी एक वाटी ओले कोकोपीट पाच वाट्या पावसाच्या पाण्यात ढवळून अर्धा तास ठेवावे आणि गाळलेल्या पाण्यातले क्षार मोजावे. ईसी मीटरवर ०.५ मिलिसिमेन्सच्या आत, किंवा साध्या टीडीएस पेनवर २५० ते ३०० च्या आत आकडा आला तर भरणी करावी. त्याच्या दुप्पट आला तर पुन्हा धुवावे. पेन नसेल तर वर सांगितलेली पेल्याची परीक्षा करावी. हा माझा शेतावरचा अंदाज आहे, त्याला प्रयोगशाळेचा आधार नाही, पण त्याने मला आजवर फसवलेले नाही. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पाणी तपासून घेता आले तर अधिक चांगले.

मिश्रण, घनमापाने:
धुतलेले कोकोपीट ४ भाग
पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत ३ भाग
पोयटा (गाळाची माती) किंवा कोकणात तांबडी माती २ भाग
भाताचे तूस किंवा पेरलाईट (फुलवलेल्या खडकाचे हलके दाणे) १ भाग
निंबोळी पेंड, पिशवीला ५० ग्रॅम
ट्रायकोडर्मा (मूळकूज रोखणारी उपयुक्त बुरशी), १०० किलो शेणखताला १ किलो. सावलीत ओलसर ठेवून १५ दिवस मुरवावे
पिशवी: टोमॅटोला १५ ते २० लिटर, मिरचीला १० ते १२ लिटर
तळाला आणि बाजूला भोके; पिशवी बांधकामाच्या विटांवर उचललेली

काळी माती पिशवीत वापरू नये. ती पावसात चिकट होऊन हवा कोंडते, उघडीप मिळाली की आक्रसून पिशवीच्या कडेपासून सुटते आणि दिलेले पाणी कडेने खाली निघून जाते. वर ओल दिसते आणि मुळाला वाफसा, म्हणजे ओल आणि हवा यांचा मेळ, कधीच मिळत नाही.

खते:
लागवडीनंतर आठवड्याने १९:१९:१९ हे विद्राव्य खत (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे), १ ग्रॅम प्रति लिटर, आठवड्यातून दोनदा
फुले लागल्यावर कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम प्रति लिटर, आठवड्यातून एकदा
फळे वाढताना १३:००:४५, १ ग्रॅम प्रति लिटर
मॅग्नेशियम सल्फेट १ ग्रॅम प्रति लिटर, पंधरवड्यातून एकदा
रोप कोलमडू लागल्यास कॉपर ऑक्सिक्लोराईड २.५ ग्रॅम प्रति लिटर, आळवणी (द्रावण मुळाशी ओतणे)

कॅल्शियम नायट्रेट हे सल्फेट किंवा फॉस्फेट असलेल्या खताबरोबर एका बादलीत कधीही मिसळू नये. तळाला पांढरा साका बसतो आणि दोन्ही खते वाया जातात. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता समजावी, पण पाणी जड असल्यास ईडीटीए प्रकारचे लोह मुळाशी टाकून फारसा उपयोग होत नाही; अशा ठिकाणी ईडीडीएचए प्रकारचे लोह मागावे. टॉनिक आणि बायोस्टिम्युलंट (वाढीला चालना देणारी उत्पादने) यांच्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. २०२१ पासून ही उत्पादने खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, तेव्हा बाटलीवर घटक आणि त्यांचे प्रमाण छापलेले नसेल तर ती घेऊ नये. आणि छापलेले असले तरी मुळाभोवती क्षार साचलेले असताना एकही टॉनिक लागू पडत नाही.

यंदा पिशव्या आधीच भरून झाल्या असतील तर रोपे उपटू नयेत. येत्या मोठ्या पावसात शेडनेटचे वरचे प्लास्टिक दोन दिवस बाजूला सारावे, किंवा १५ लिटरच्या प्रत्येक पिशवीतून पिंपातले ३० लिटर पावसाचे पाणी थोडे-थोडे करून सोडावे. खालून निघणारे पाणी पेनने मोजत राहावे आणि आकडा उतरून स्थिर झाला की थांबावे. दुसऱ्या दिवशी कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात द्यावे, तिसऱ्या दिवशी मॅग्नेशियम सल्फेट द्यावे. त्यानंतर दहा दिवस दुसरे काहीही न देता नव्या पानांची कड पाहावी. ती हिरवी आणि सरळ निघाली तर खताचे वेळापत्रक पुन्हा सुरू करावे.