तपासणीच्या सकाळी थायरॉइडची गोळी

रक्त द्यायला जाताना थायरॉक्सिनची गोळी पिशवीत ठेवा, रक्त दिल्यावरच घ्या. आधी घेतली तर काही तास फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉइड संप्रेरक) चढलेला दिसतो. टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं संप्रेरक, थायरॉइड कमी पडलं की हे वाढतं) मात्र सावकाश हलतो. डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी तपासला तरच खरा अंदाज येतो. परभणीकडच्या आमच्या मावशीनं ज्वारी काढणीच्या घाईत दिवसाआड गोळी चुकवली, अन् तपासणीआधी आठवडाभर मात्र नेमानं घेतली. टी-४ नॉर्मल, टीएसएच वाढलेला! गोळी कमी पडतेय असं वाटून डोस उगीच वाढणारच होता. खाडे झाले असतील तर डॉक्टरांना सरळ सांगा, रागावले तर रागावले. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) चालू असेल तर तेही सांगा. त्यानं आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून निदान २ दिवस आधी बंद ठेवायला सांगतात.