साइटवर शॉक लागला तर: बांधकाम कामगाराची भरपाई कशी मिळवावी

ज्या वायरीचा शॉक लागला ती दुसऱ्या दिवशी साइटवर सापडत नाही. जोड मारून चिकटपट्टी गुंडाळलेली व्हायब्रेटरची केबल जाते आणि तिच्या जागी कोरी केबल येते. हजेरी वहीतलं पानसुद्धा कधीकधी नवं होतं. भरपाईचा दावा पुढे अडतो तो बहुतेक वेळा इथंच. कायदा कामगाराच्या बाजूचा आहे, पण पुरावा पहिल्या दोन दिवसांतच गोळा करावा लागतो.

पहिला तास

आधी मेन स्विच बंद करा, मगच माणसाला हात लावा. सळई उभी करताना ती वरच्या तारेला टेकली असेल तर बांबू घेऊनही जवळ जाऊ नका. ११ हजार व्होल्टला ओला बांबू पुरेसा असतो. १९१२ वर महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्या आणि १०८ ला फोन करा.

माणूस उठून बसला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्याच. करंट हातातून शिरून पायातून बाहेर पडतो. कातडीवर चण्याएवढा काळा डाग दिसतो, आतला स्नायू मात्र लांबवर भाजलेला असतो. ईसीजी काढायला सांगा. लघवी चहासारखी काळसर झाली तर लगेच डॉक्टरांना दाखवा, कारण मेलेल्या स्नायूंतला अंश मूत्रपिंडात अडकतो. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात असो की खाजगी दवाखान्यात, ‘कामावर असताना विजेचा धक्का’ हे शब्द केसपेपरवर लिहून घ्या आणि वैद्यकीय-कायदेशीर नोंद करायला लावा. सोबत आलेला मुकादम ‘घरी पडला’ असं सांगून मोकळा झाला, तर तेच दोन शब्द पुढे वर्षभर आडवे येतात. औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीचं बिल ठेवा, उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाकडून वेगळा मिळतो. शॉकनंतर काही महिन्यांनी डोळ्यात मोतीबिंदू होऊ शकतो, म्हणून डोळ्यांची तपासणीही कागदावर असू द्या.

पुढचे दोन दिवस

सोबतच्या कामगाराला त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढायला सांगा. केबलचा जोड, स्विचबोर्ड, त्यात गळती झाली की करंट तोडणारा ब्रेकर (३० मिलीअँपिअरचा) आहे की नाही, अर्थिंगची तार कुठं जोडली आहे, हे सगळं हवं. वरच्या तारेचा अपघात असेल तर स्लॅब आणि तार एकाच फोटोत येऊ द्या. ११ केव्हीच्या (म्हणजे ११ हजार व्होल्टच्या) तारेपासून इमारत आडवी किमान १.२ मीटर आणि उभी ३.७ मीटर दूर हवी. उपनगरांत आधी लाइन आणि मागाहून इमारतीचा दुसरा मजला, असं बरंच दिसतं. तिथं हे अंतर मोजलं की अर्धी केस उभी राहते.

पोलिसांत तक्रार द्या, जबाब वाचूनच सही करा आणि तक्रारीची प्रत मागा, ती मोफत मिळते. मृत्यू झाला असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतोच. दुसरा अर्ज विद्युत निरीक्षकांच्या कोल्हापूर कार्यालयात द्या. विजेच्या अपघाताची कळवणी २४ तासांत व्हायला हवी आणि त्याची चौकशी विद्युत निरीक्षक करतात. बिल्डरने किंवा महावितरणने कळवलंच असेल असं धरून बसू नका, स्वतः लेखी द्या आणि पोच घ्या. अपघाताचं कारण कुणाकडे बोट दाखवतं हे याच अहवालातून ठरतं.

तुम्ही तिथं कामाला होता, हेही सिद्ध करावं लागेल. नेमणूकपत्र कुणाकडेच नसतं, त्यावाचून काही अडत नाही. ठेकेदाराने फोनवरून पाठवलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट, ‘उद्या सातला या’ असा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज, शनिवारी पगार घेताना शेजारी उभ्या असलेल्या दोघांची नावं आणि गावं, एवढ्यावर काम भागतं. सोबती परगावी जाण्याआधी पत्ते लिहून घ्या.

भरपाई कोणाकडून?

बिल्डर म्हणतो ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो सेंट्रिंगवाल्याची (स्लॅबचा साचा बांधणाऱ्याची) माणसं. कायद्यात ही पळवाट नाही. बांधकाम हा ज्याचा धंदा आहे अशा मुख्य मालकाकडून भरपाई मागता येते, मग तो ठेकेदाराकडून वसूल करो. स्वतःचं राहतं घर बांधणाऱ्याचं मात्र वेगळं आहे. बांधकाम हा त्याचा धंदा नसल्याने त्याच्यावर ही जबाबदारी सहसा येत नाही, तिथं ठेकेदारालाच धरा. तुटून लोंबकळणाऱ्या तारेमुळे अपघात झाला असेल, तर वीज कंपनीला चूक नसल्याचं सांगून सुटता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्ड असेल तर आधी त्या कार्यालयात जा.

‘बूट घातले नव्हते’ हा मालकाचा ठरलेला बचाव. मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल तर हा बचाव चालत नाही. किरकोळ दुखापतीतही, जे हातमोजे साइटवर कधी दिलेच नाहीत ते न घातल्याचा दोष कामगारावर येत नाही.

रक्कम किती?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. अपघात त्याआधीचा असेल तर अर्जात जुना कायदा लिहा. हिशेबाची रीत तीच आहे. मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचे ५० टक्के, कायमच्या संपूर्ण अपंगत्वात ६० टक्के, आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने हिशेबातली मजुरी १५,००० रुपयांवर थांबवली आहे. वय ३०, मजुरी रोज ६०० म्हणजे २६ दिवसांचे १५,६००. हिशेबात १५,००० धरले जातील. तिशीचा आकडा २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. चाळिशीचा आकडा १८४.१७ आहे.

अंगठा गेला तर ३० टक्के, मनगटापासून हात गेला तर ६० टक्के कमाईची क्षमता गेली असं धरतात. पण इथंच थांबू नका. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली १०० टक्के अपंगत्व दिलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. गवंड्याचं आणि सेंट्रिंगवाल्याचंही तेच आहे, म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यात कामाचं नाव लिहून घ्या. तात्पुरतं घरी बसावं लागलं तर दर पंधरा दिवसांनी महिन्याच्या मजुरीचे २५ टक्के मिळतात.

भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते. महिन्याभरात दिली नाही तर व्याज लागतं (जुन्या कायद्यात १२ टक्के), आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही.

स्टॅम्प पेपरवर सही नको

दिवसकार्याच्या आत दोन लाख रोख आणि ‘पुढे काही मागणार नाही’ असा कागद येतो. घरात पैसा नसताना तो नाकारणं किती कठीण जातं, हे कुणी सांगायला नको. तरी लक्षात ठेवा, हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. मृत्यूची भरपाई नुकसानभरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, वारसाच्या हातात दिलेली रोकड भरपाई धरली जात नाही. वजा होते ती फक्त तीन महिन्यांच्या मजुरीइतकी उचल. सही झाली असली तरी दावा करा.

दावा कुठं?

सहायक कामगार आयुक्तांकडे तक्रार करता येते, पण भरपाईचा निकाल देणारा नुकसानभरपाई आयुक्त वेगळा, त्याचं काम न्यायालयासारखं चालतं. अर्ज अपघाताच्या ठिकाणी किंवा तुम्ही राहता तिथं करता येतो, त्यामुळे गावी परतलेल्या कुटुंबाला हेलपाटे नकोत. दोन वर्षांच्या आत दाखल करा. वकिलासाठी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. मालकाला अपील करायचं तर आधी पूर्ण रक्कम भरावी लागते, आणि ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच असल्याने त्यासाठी मुंबई गाठायची गरज उरलेली नाही.

कामगार मंडळाकडे नोंदलेला असेल तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे पैसे यापेक्षा वेगळे मिळतात: कामावर मृत्यू झाल्यास ५ लाख, ७५ टक्के किंवा जास्त अपंगत्वाला २ लाख, अंत्यविधीला १०,०००, आणि विधवा पत्नीला वर्षाला २४,००० असे पाच वर्षं. नोंदणी मात्र अपघाताआधीची आणि नूतनीकरण केलेली हवी. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक एवढ्यावर ती एक रुपयात होते.