नोकरी सांभाळून सोलापुरात लोकांची कामं करून देण्याचा धंदा कसा सुरू करावा

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं, आणि ते रात्री अकराला की पहाटे चारला, हे भागाभागावर अवलंबून. जुळे सोलापुरातल्या एका बंद घराला पाण्याच्या रात्री नळ सोडून टाकी भरणारा आणि झाडांना पाणी घालणारा माणूस हवा होता. मुलगा पुण्यात हिंजवडीला, आई दोन महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलेली. या धंद्यातलं माझं पहिलं काम ते. मी दिवसा नोकरी करतो आणि पाणी नोकरीच्या वेळेत येत नव्हतं, एवढीच माझी पात्रता.

मोठ्या शहरांत याला पर्सनल कन्सियर्ज म्हणतात. इथे तसं कार्ड छापलंत तर समोरचा म्हणेल, "म्हणजे नेमकं काय करता?" त्यापेक्षा सरळ सांगा: तुमची बाहेरची कामं पैसे घेऊन करून देतो.

आधी घड्याळ मांडा

बहुतेक जण सुरुवातीलाच कामांची लांबलचक यादी करतात. ती बाजूला ठेवा आणि आठवड्यातले खरोखर मोकळे तास लिहून काढा. साडेनऊ ते साडेसहा ड्युटी असेल तर हाती उरतात सकाळचे दोन तास, संध्याकाळी सात ते नऊ आणि सुट्टीचा वार.

आता त्या वेळेत काय उघडं असतं ते बघा. राज्य सरकारच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे तहसीलचं काम शनिवारी होत नाही. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद. पहिला, तिसरा आणि आला तर पाचवा शनिवार तुमचा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातलं भरदिवसाचं काम आलं तर सरळ नाही म्हणा. "बघतो, जमवतो" म्हणून रजा टाकणाऱ्याची नोकरीही जाते आणि गिऱ्हाईकही. तुमची साप्ताहिक सुट्टी मधल्याच वारी असेल किंवा कारखान्यात पहिली पाळी असेल, तर मात्र तुम्ही नशीबवान.

या तासांत बसणारी कामं कमी नाहीत. पाण्याची रात्र सांभाळणं. संध्याकाळच्या ओपीडीला सोबत जाऊन नंबर लावणं, डॉक्टर काय म्हणाले ते लिहून आणणं. मुंबईची वंदे भारत इथून पहाटे सुटते आणि रात्री परत येते. वयस्कर माणसाला डब्यात बसवून देणं किंवा उतरवून घरी पोचवणं. पुण्याच्या मुलांना शेंगाचटणी, कडक भाकरी, चादरी बांधून कुरिअर करणं. नोव्हेंबरात पेन्शनरांचा हयातीचा दाखला: त्याचा ऑनलाइन प्रकार, जीवन प्रमाण, आता मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून घरबसल्या होतं. आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील समोर असला की रात्री आठलाही करता येतं.

पैसे देणारा एक, काम दुसऱ्याचं

या धंद्याची खरी मेख इथे आहे. फोन पुण्यातून मुलाचा येतो, पैसेही तोच देतो, पण दार उघडतात वडील. आणि वडील म्हणतात, "मला काय झालंय? मी जातो की बँकेत." त्यांना तुम्ही मदतनीस दिसत नाही, मुलाने पाठवलेला पहारेकरी दिसता.

म्हणून पहिल्या भेटीत काहीच काम करू नका. चहा घ्या, काका-मावशींशी बोला. त्यांची कामं त्यांनाच विचारा. मुलाने पाठवलेली यादी खिशातच राहू द्या. शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात गेलात आणि चार वाक्यं तेलुगूत बोललात, किंवा अक्कलकोटकडच्या आजींशी कन्नडमध्ये, तर महिन्याभराचा विश्वास एका बैठकीत मिळतो. मला तेलुगू मोडकीतोडकीच येते. माझे उच्चार ऐकून एक आजी हसल्या आणि त्या हसण्यावर ते घर टिकलं.

मुलाला प्रत्येक फेरीनंतर एक फोटो आणि अर्ध्या मिनिटाचा निरोप पाठवा: औषधं आणली, बिल हे, काका बरे आहेत. मुलगा त्या निरोपाचे पैसे देतो, औषधं तर दुकानदारही घरी पाठवतो. पण मुलाला काय सांगायचं आणि काय नाही, हे दोघांना समोर धरून पहिल्याच दिवशी ठरवा. काकांनी मधुमेह असून भजी खाल्ली, हे मी सांगत नाही. काका पडले, चक्कर आली, औषध चुकलं, हे त्याच क्षणी सांगतो, आणि काकांच्या देखत सांगतो.

हे करू नका

रेल्वेचं तिकीट आपल्या आयआरसीटीसी खात्यावरून काढून त्यावर मोबदला घ्यायचा नाही. अधिकृत एजंट नसताना तिकिटांचा धंदा करणं हा रेल्वे अधिनियम, 1989 च्या कलम 143 खाली गुन्हा आहे, तुरुंगाची तरतूद आहे. स्टेशनवर सोबत जाण्याचे पैसे घ्या, तिकीट त्यांच्या मुलाने काढावं.

आपल्या पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडं घेऊन माणसं न्यायची नाहीत. प्रवासी वाहतुकीला परवाना लागतो. रिक्षा बोलवा, शेजारी बसा, रिक्षाचे पैसे वेगळे लावा.

एटीएम कार्ड, पिन, ओटीपी हातात घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. मावशी कौतुकाने पिन सांगायला लागल्या की मी कानावर हात ठेवतो. सत्तरी ओलांडलेल्यांना बँकेने घरपोच सेवा द्यावी, अशा सूचना रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच दिल्या आहेत. शाखेत तेवढी विचारणा करून द्या. आधारची प्रत लागलीच तर पहिले आठ आकडे झाकलेली घ्या आणि काम झालं की परत करा. औषध फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, दुकानाच्या बिलासकट. शिल्लक राहिलेलं औषध दुसऱ्या घरी द्यायचा मोह नको.

कागदपत्रं

सगळ्यात आधी स्वतःचं नेमणूकपत्र वाचा. दुसरं काम करू नये अशी अट पुष्कळदा शेवटच्या पानावर असते. सरकारी नोकर असाल तर पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंद, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. दुकाने व आस्थापना यांच्या 2017 च्या कायद्यात मोजकेच कामगार असलेल्यांना ऑनलाइन सूचना दिली की पुरतं. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि तुमचा पगार त्या उलाढालीत धरत नाहीत. आयकराचं विवरणपत्र मात्र बदलतं: धंद्याचं उत्पन्न आलं की पगारदारांचा आयटीआर-1 चालत नाही.

दर

मी सुरुवातीला कामागणिक पैसे लावले आणि फसलो. एका दवाखान्यात तपासणी दहा मिनिटांची, पण बाकड्यावर बसलो पावणेतीन तास. तेव्हापासून हिशेब वेळेचा, दारातून निघाल्यापासून परत येईपर्यंत. समजा, पहिला तास 200 रुपये, पुढचा प्रत्येक अर्धा तास 80, तर त्या पावणेतीन तासांचे, उरलेली पंधरा मिनिटं अर्धा तास धरून, 520 होतात. मी त्या दिवशी 150 घेतले होते. आकडे तुमचे तुम्ही ठरवा, पण पेट्रोल आणि बाकड्यावरची वेळ त्यात धरा. सामानाची रक्कम आधी घ्या, मूळ बिलं घरात द्या, आणि या व्यवहारांसाठी बँकेत वेगळं खातं ठेवा. पगाराच्या खात्यात लोकांचे पैसे मिसळले की महिनाअखेरीला आपले कुठले आणि त्यांचे कुठले, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

ओळखीतला एक भरवशाचा जोडीदार हवाच. साहेबांनी पावणेसातला थांबवून घेतलं, तर सातच्या ओपीडीला कोण जाणार? त्या माणसाची ओळख आधीच घरी करून द्या. अनोळखी माणूस अचानक दारात उभा राहिला तर काका दार उघडणार नाहीत, आणि बरोबरच करतील.

घरं किती घ्यायची? मी सहावर थांबलो. दोन घरांना पाणी एकाच रात्री येतं, हे सातवं घर घेतल्यावर कळलं होतं.

आणि जानेवारीचा निरोप डिसेंबरातच पाठवून ठेवा. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुका निघतात तेव्हा सिद्धेश्वर मंदिराच्या आजूबाजूला गाडी घालता येत नाही. औषधं आधी भरून ठेवू, असं कळवा. पुण्यातली मुलं त्या दिवसांत स्वतःच घरी येतात, त्यामुळे रागावत कुणी नाही.