फिल्म लाकडापर्यंत गेली पाहिजे

डिस्पॅचला, म्हणजे माल बाहेर पाठवायच्या खात्यात, नवीन असताना मी एक पॅलेट बांधलं होतं, म्हणजे लाकडी फळ्यांच्या बैठकीवर खोकी रचून ती ताणायच्या प्लास्टिक फिल्मने गुंडाळली होती. खोकी एका रेषेत, फिल्म घट्ट, बघणाऱ्याने वा म्हणावं असं. फोर्कलिफ्टवाल्याने ते उचललं, दहा पावलांवर ब्रेक दाबला आणि अख्खा माल फिल्मसकट पॅलेटवरून घसरून पुढे गेला. खोकी मी एकमेकांना बांधली होती, पॅलेटला बांधायचं राहूनच गेलं होतं!

म्हणून नवीन पोरगा आला की लगेच त्याच्या हातात रोल देत नाही. आधी पॅलेट बघ म्हणतो. फळी तडकलेली, खिळा वर आलेला, लाकूड ओलं, की ते बाजूला. माल परदेशी जाणार असेल तर लाकडावर आयएसपीएम १५ चा शिक्का लागतो, लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणून केलेलं हे आंतरराष्ट्रीय मानक. त्यात 'एचटी' (हीट ट्रीटमेंट) असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं असतं, कीड मरावी म्हणून.

रचताना जड माल खाली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. चूक होते ती कोपऱ्यांत. पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांत असते, तेव्हा कोपऱ्यावर कोपरा यायला हवा. विटांसारखी सांधेमोड केली तर ढीग हलत नाही खरा, पण वरचा कोपरा खालच्या खोक्याच्या मधल्या, कमजोर भागावर बसतो आणि खालचा थर दबतो. मी सरळ रचतो, फार तर सगळ्यात वरचा थर फिरवतो. खोकं पॅलेटबाहेर बोटभरही नको, अधांतरी कोपरा भार पेलत नाही.

आता फिल्म. टोक पिळून दोरीसारखं करा आणि पॅलेटच्या ठोकळ्याला बांधा. पहिले तीन-चार वेढे असे, की अर्धी फिल्म लाकडावर आणि अर्धी पहिल्या थरावर. खालची कड थोडी गोळा करून दोरीसारखी केली तर ती ठोकळ्यावर पक्की बसते आणि फोर्क आत जाताना फाटत नाही. मग वर चढताना प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर. हात कोपऱ्यापाशी सैल पडतो, तिथेच ताण धरायचा, कारण ताणलेली फिल्म आकसते म्हणूनच माल आवळला जातो. वर वीतभर फिल्म मालाच्या माथ्यावर दुमडा आणि तसेच खाली या.

जड मालाला आवळायची पट्टीही हवी, तीसुद्धा पॅलेटच्या वरच्या फळ्यांखालून ओवलेली. कडेला पुठ्ठ्याचा अँगल नसेल तर पट्टी खोकं कापते. टेन्शनर, म्हणजे पट्टी ताणायचं हत्यार, मारताना कड चेपायला लागली की थांबा.

एवढं करूनही गाडीत मोकळी जागा सोडली तर उपयोग नाही. ईएन १२१९५-१ या युरोपीय मानकात रस्त्यावरच्या मालासाठी पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट आणि मागे ०.५ पट जोर धरतात. म्हणजे १००० किलोचं पॅलेट, करकचून ब्रेक लागला की ८०० किलोच्या जोराने पुढे रेटतं. पॅलेट एकमेकांना भिडवा, उरलेल्या फटीत हवेच्या पिशव्या भरा.

गाडीत चढवण्याआधी दोघांनी खांदा लावून ढकलून बघा. पॅलेटसकट सगळं हललं तर हरकत नाही. नुसती खोकी हलली, की फिल्म कापायची आणि परत खालून सुरू.