आधी कार्डाचा खालचा कोपरा वाचा, मग पैसे काढा

नाशिकमध्ये सातपूरला माझा ऑफसेट प्रेस आहे. लग्नपत्रिका, औषधांची खोकी आणि हंगामात द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं, हे आमचं रोजचं काम. पोकेमॉनच्या कार्डांशी, म्हणजे दोघांनी आपापला गठ्ठा घेऊन खेळायच्या खेळाशी, गाठ पडली ती लेकीमुळे. ती सातवीत असताना मी वाढदिवसाला मेन रोडवरच्या एका दुकानातून सोनेरी कार्डांचा डबा आणला, साडेतीनशे रुपयांचा. पंचावन्न कार्डं, सगळी लखलखीत. रविवारी ती डबा घेऊन इंदिरानगरला खेळणाऱ्या मुलांकडे गेली आणि अर्ध्या तासात परत आली. "आई, तिथला दादा म्हणाला, ही खरी नाहीत. स्पर्धेत तर हातातही घेऊ देणार नाहीत." रडली नाही, पण डबा कपाटाच्या पार मागे सरकवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्यातलं एक कार्ड प्रेसवर नेलं आणि भिंगाखाली धरलं. जे दिसलं ते पुढे सांगते. आता ओळखीतले बरेच आईबाप मला फोन करतात: मुलाला खेळायचं आहे, किती खर्च येईल, इतकी महाग कार्डं खरंच लागतात का? त्या सगळ्यांसाठी हे एकदाच नीट लिहून काढते आहे.

पहिला प्रश्न घरातच सोडवा: मुलाला खेळायचं आहे की जमवायचं आहे? माझे सासरे नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झाले. पोस्टाची तिकिटं तिथे छापली जातात, आणि घरी त्यांचे तिकिटांचे अल्बमही आहेत. मी त्यांना कार्डांचे भाव सांगितले तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, पत्राला लावायचं तिकीट वेगळं आणि अल्बमात ठेवायचं वेगळं. पत्र दोन्हींनी पोहोचतं." मला सगळा विषय तिथेच उलगडला. स्पर्धेत कार्डावरचा मजकूर चालतो. चित्र कोणतं, चमक किती, छपाई कितवी, याने डाव जिंकला जात नाही. भाव मात्र नेमका त्या चित्रावर आणि चमकेवर चढतो. ज्याला खेळायचं आहे त्याने प्रत्येक कार्डाची सगळ्यात स्वस्त खरी प्रत घ्यायची, बस.

त्यासाठी कार्डाचा खालचा डावा कोपरा वाचायला शिका. पोकेमॉनच्या आताच्या कार्डांवर तिथे बारीक चौकटीत एक इंग्रजी अक्षर असतं. स्टँडर्ड नावाच्या खेळाच्या मुख्य प्रकारात ठरावीक अक्षरांचीच कार्डं चालतात आणि साधारण वर्षातून एकदा सगळ्यात जुनं अक्षर बाहेर जातं. याला रोटेशन म्हणतात. 11 एप्रिल 2025 ला 'एफ' बाहेर गेलं, तेव्हा मुलांनी आदल्या महिन्यात हौसेने घेतलेली कार्डं एका दिवसात स्पर्धेबाहेर गेली. म्हणून विकत घेण्याआधी खेळाच्या अधिकृत नियमांत आज कोणती अक्षरं चालू आहेत ते पाहा. विकणारा स्वतःहून सांगेलच असं नाही.

अक्षराशेजारी संचाची (एकदम बाजारात आणलेल्या कार्डांच्या मालिकेची) खूण, क्रमांक आणि दुर्मिळतेचं चिन्ह असतं. काळा गोल म्हणजे साधं, पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे थोडं कमी मिळणारं, तारा म्हणजे दुर्मिळ. 2023 पासूनच्या संचांत ताऱ्यांचे रंग आणि संख्याही पाहावी लागते. दोन सोनेरी तारे दिसले की समजायचं, इथे चित्राचे पैसे मोजले जातायत. क्रमांकही बोलका असतो. 2023 च्या 'पाल्डिया इव्हॉल्व्ह्ड' संचात आयोनो नावाच्या मुलीचं कार्ड आहे. एक प्रत 185/193, दुसरी 269/193. एकशे त्र्याण्णवच्या संचात दोनशे एकोणसत्तरावं कार्ड म्हणजे ते मुद्दाम थोडं छापलेलं. दोन्हींवरचा मजकूर सारखाच. लेकीच्या डेकसाठी (खेळायच्या साठ कार्डांच्या गठ्ठ्यासाठी) पहिली प्रत मला चाळीस रुपयांना मिळाली. दुसरीला ती विकणाऱ्या त्याच मुलाने काही हजार सांगितले. लेक दुसऱ्या प्रतीकडे बराच वेळ बघत राहिली. मीही. छपाई खरंच सुंदर आहे, पोत असा की बोटाला रेषा जाणवतात. पण आम्ही चार साध्या प्रती घेऊन घरी आलो.

उलट बाजूही सांगते, कारण इथे पैसे वाचतात. अल्ट्रा बॉल, स्विच अशी कार्डं कंपनी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापते. नव्या अक्षरासह पुन्हा छापलं गेलं की नाव आणि मजकूर तोच असलेली जुनी प्रतही चालते, तिच्यावर अक्षर कोणतंही असो. कोणाच्या मोठ्या भावाच्या जुन्या डब्यात ही कार्डं हमखास सापडतात. मूळ एनर्जी कार्डं (पोकेमॉनला हल्ल्यासाठी ताकद देणारी) तर नेहमीच चालतात, ती विकत घेऊच नका, कोणीही मूठभर देतं.

पुनर्छपाईबद्दल आईबापांच्या मनात एक शंका असते: आज घेतलं आणि उद्या पुन्हा छापलं तर पैसे गेले ना? जमवणाऱ्याच्या दृष्टीने हो. खेळणाऱ्यासाठी मात्र तो सणाचा दिवस. मार्च 2024 पर्यंत पोकेमॉनची 6,400 कोटींहून जास्त कार्डं छापून झाली आहेत. आमच्या दोन मशीनवर आयुष्य घालवलं तरी त्या आकड्याच्या जवळपास जाता येणार नाही. एवढी छापणारी कंपनी उपयोगाचं कार्ड आज ना उद्या पुन्हा आणणार, हे धरून चाला. नवा संच येतो त्या आठवड्यात भाव चढे असतात. दोन-तीन आठवडे थांबा. लोकांनी पॅक (आत कोणती कार्डं आहेत ते न कळणारी बंद पाकिटं) फोडले, नको असलेली कार्डं बाजारात आली की भाव आपोआप बसतो.

पुन्हा न छापण्याचं वचन दिलं की काय होतं, हे मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या दुसऱ्या खेळात दिसतं. हा खेळ 1993 चा. 1995 मध्ये 'क्रॉनिकल्स' नावाच्या संचात जुनी कार्डं पुन्हा छापली, जमवणारे चिडले, आणि 1996 मध्ये कंपनीने रिझर्व्ह्ड लिस्ट जाहीर केली: या यादीतली कार्डं आम्ही पुन्हा छापणार नाही. ती यादी आजही पाळली जाते. लेगसी नावाच्या प्रकारात ज्या ड्युअल लँड (दोन रंगांची ताकद देणारी जमिनीची कार्डं) लागतात त्या या यादीत आहेत, म्हणून तो प्रकार नवख्या मुलाच्या आवाक्याबाहेर गेला. याच्या उलट, 2011 मध्ये सुरू केलेल्या मॉडर्न प्रकारात या यादीतलं काही लागत नाही. 2009 च्या 'झेंडिकार' संचातल्या फेच लँड (गठ्ठ्यातून दुसरी लँड शोधून आणणारी कार्डं) 2021 च्या 'मॉडर्न होरायझन्स 2' मध्ये पुन्हा छापल्या, तेव्हा त्यांचे भाव चांगलेच उतरले. मॉडर्न आजही स्वस्त नाही. पण तिथे दार उघडायची सोय कंपनीच्या हातात आहे. लेगसीत तिने स्वतःच कुलूप लावून घेतलंय. छापणारी बाई म्हणून मला हे मनापासून खटकतं. खेळाचं साहित्य छापायचं आणि ते मुलांपर्यंत पोहोचूच द्यायचं नाही, हे बरोबर नाही.

एक सापळा लक्षात ठेवा. 2022 मध्ये मॅजिकच्या तिसाव्या वर्षानिमित्त कंपनीने जुन्या कार्डांची खास आवृत्ती काढली. चार पॅक, साठ कार्डं, किंमत 999 डॉलर. मागची बाजू वेगळी, त्यामुळे स्पर्धेत एकही चालत नाही. पोकेमॉनचे जगज्जेत्यांच्या नावाने निघणारे डेकही तसेच: खरे, कंपनीचेच, पण पाठ वेगळी, म्हणून घरी सरावापुरते. जपानी कार्डं स्वस्त आणि देखणी असतात, पण त्यांचीही पाठ निराळी आहे; आपल्याकडच्या इंग्रजी स्पर्धेसाठी ती धरू नका.

मग कोणता प्रकार निवडावा? दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी माझं मत पोकेमॉन स्टँडर्ड, कारण साधी कार्डं स्वस्त असतात आणि वयोगट वेगळे असतात. सुरुवात लीग बॅटल डेकने करा. साठ कार्डांचा तयार डेक, नियमात बसणारा, आणि त्यातली निम्मी कार्डं पुढच्या डेकमध्येही कामाला येतात. मात्र त्यावरचीही अक्षरं तपासूनच घ्या. कॉलेजच्या मुलांना मॅजिक आवडत असेल तर पॉपर पाहा. त्यात फक्त कॉमन म्हणून छापली गेलेली कार्डं चालतात, त्यामुळे अख्खा डेक एखाद्या महागड्या कार्डापेक्षा कमी पैशात उभा राहतो, आणि खेळ अजिबात पोरकट नाही. घरी चार मित्र जमत असतील तर मॅजिकचाच कमांडर: शंभर कार्डं, मूळ लँड सोडता सगळी वेगवेगळी. तिथे बहुतेक गट हाताने लिहिलेली बदली कार्डंही चालवून घेतात. आधी विचारा मात्र. यु-गी-ओ या तिसऱ्या खेळात रोटेशन नाही, बंदी-मर्यादांची यादी असते आणि जुनी महाग कार्डं पुन्हा पुन्हा छापली जातात. त्यातलं मला याहून जास्त खेळून माहीत नाही.

डेकसाठी पॅक फोडू नका. पॅक हा वाढदिवसाचा आनंद आहे, तेवढाच ठेवा. सिंगल, म्हणजे हवं ते एकेक सुटं कार्ड घ्या. आधी साठ कार्डांची यादी कागदावर लिहा, शेजारी "आहे", "उसनं मिळेल", "घ्यायचं" असे तीन रकाने पाडा. आमच्या पहिल्या यादीत घ्यायची कार्डं फक्त सतरा निघाली. ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडून पुढून, मागून आणि डाव्या कोपऱ्याचा जवळून, असे तीन फोटो मागा, आणि कुरिअरचा खर्च धरून हिशोब करा. वीस रुपयांच्या कार्डाला ऐंशी रुपये पाठवणावळ पडते, म्हणून चार पालकांनी मिळून एकदम मागवलेलं बरं.

आता ते भिंग. प्रेसवाल्याकडे दहापट मोठं दाखवणारं असतं. तसं साधं तुम्हालाही दोन-अडीचशेत मिळेल. खऱ्या कार्डाचं चित्र भिंगाखाली चार रंगांच्या ठिपक्यांचं दिसतं, ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे एकमेकांभोवती बसलेले. पण त्यावरची काळी अक्षरं सलग, भरीव काळी असतात, कारण ती काळ्या प्लेटवर वेगळी छापलेली असतात. लेकीच्या सोनेरी कार्डावर अक्षरांच्याच कडेला निळे, गुलाबी, पिवळे ठिपके सांडलेले होते. म्हणजे कोणीतरी खरं कार्ड स्कॅन करून अक्षरांसकट त्याचं चित्र छापलेलं. आमच्या मशीनवरच्या मामांनी एकदाच वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हे कॉपीवरून मारलंय." मग मी ते कार्ड कडेने फाडलं. आत नुसता पांढरा कागद. पोकेमॉनच्या खऱ्या इंग्रजी कार्डाच्या पोटात काळा थर असतो, उजेडात धरलं तरी आरपार दिसू नये म्हणून. घेतलेलं कार्ड अर्थातच फाडायचं नाही. मोबाइलचा टॉर्च मागे धरा आणि खात्रीच्या कार्डाशी ताडून बघा. मॅजिकच्या पाठीवर पाच रंगांचे गोल आहेत. त्यातल्या हिरव्या गोलात भिंगाने चार लाल ठिपके दिसतात, इंग्रजी 'एल' अक्षरासारखे मांडलेले. नकली छपाईत ते बहुधा पुसट किंवा गायब असतात.

पावसाळ्याबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. फॉइलचं कार्ड म्हणजे एका बाजूला न भिजणारा थर, खाली कागद. जुलैत गंगापूर रोडला भिंतींना ओल धरते तेव्हा कागद दमट हवा पितो, फुगतो, आणि कार्ड चकाकत्या बाजूकडे वाकतं. एका बाजूने लॅमिनेशन केलेली पुस्तकांची कव्हरं आमच्याकडे अशीच गुंडाळतात. डेकमध्ये एकच कार्ड वाकडं असेल तर गठ्ठ्यात ते कुठे आहे हे न उचलता कळतं, आणि पंच त्याला खूण केलेलं कार्ड धरू शकतो. म्हणून खेळायच्या डेकमध्ये फॉइल टाळा. साधी प्रत इथेही सरसच. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, बुटांच्या खोक्यातल्या चालतात, आणि कार्डं आडवी रचून वर हलकं वजन ठेवा. वाकलेल्या कार्डावर इस्त्री फिरवू नका. एका पालकाने फिरवली होती. वरचा थर सुटून आला.

रोटेशनच्या दोन-अडीच महिने आधी बाहेर जाणारं अक्षर कोणत्या कार्डांवर आहे ते वेगळं काढा. डावात लागतात तेवढी ठेवा, बाकीची तेव्हाच विका. आदल्या आठवड्यात सगळेच विकायला निघतात. ज्यांच्यात लेकीचा जीव अडकलाय ती अर्थात विकायची नाहीत. तिच्याकडे तशी नऊ आहेत, सासऱ्यांनी दिलेल्या तिकिटांच्या जुन्या अल्बमात.

मुंबईच्या स्पर्धेला आम्ही सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जातो. आदल्या रात्री साठ कार्डं मोजायची, साठही स्लीव्ह (कार्डांवर घालायच्या प्लास्टिकच्या पिशव्या) एकाच पाकिटातल्या असाव्यात, कारण जुनी-नवी मिसळली की मागून फरक दिसतो. पाच स्लीव्ह जास्तीच्या. यादीच्या दोन प्रती, प्रत्येक कार्डासमोर संच आणि क्रमांक लिहिलेला. पहिल्या खेपेला आम्ही क्रमांक लिहिले नव्हते, आणि इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत लेक एकेक कार्ड काढून कोपरा वाचत होती आणि मी मांडीवर वही ठेवून उतरवून घेत होते.