परदेशात बालवाडीत इंग्रजी शिकवायचंय? आधी पाटी वाचा

ठाण्यात नौपाड्याला मी बालवाडी शिक्षिकांचा प्रशिक्षण वर्ग घेते. त्याआधी थायलंडमध्ये चोनबुरीच्या एका खासगी शाळेत बालवर्गाला इंग्रजी शिकवत होते. त्यामुळे ऐरोली, कळवा, खारघरच्या मुली मला व्हॉट्सअ‍ॅपवर ऑफर लेटरचा फोटो पाठवतात आणि विचारतात, "मॅडम, हे खरं आहे का हो?" बहुतेक वेळा कागद खराच असतो. शाळाही खरी, पगारही खरा. पण त्या वर्गात परक्या देशाच्या माणसाने शिकवलेलं तिथल्या कायद्याला चालतं का, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. मी माझ्या मुलींना कसं तपासायला सांगते, ते इथे लिहिते.

आपल्याला हा प्रश्न सुचत नाही, कारण आपल्याकडे त्याची सवयच नाही. घोडबंदर रोडला एखाद्या इमारतीत खाली प्लेग्रुप, वर अबॅकस, त्याच्या वर फोनिक्सचा क्लास. कोण कुठल्या पाटीखाली शिकवतंय याची कुणाला पडलेली नसते. पूर्व आशियात मात्र ती जागा सरकारदरबारी शाळा म्हणून नोंदली आहे, बालवाडी म्हणून की क्लास म्हणून, यावर तुमचं तिथे असणं कायदेशीर की बेकायदा ते ठरतं. म्हणून मालकाला पगार विचारायच्या आधी नोंदणी विचारा.

तैवानचं नीट समजून घ्या, कारण त्यावरून बाकीच्या देशांतली गोमही कळते. तिथल्या रोजगार सेवा कायद्याच्या कलम ४६ मध्ये परदेशी माणसाला कोणती कामं करता येतात याची यादी आहे. नोंदणीकृत क्लासमध्ये, ज्याला तिकडे बुशीबान म्हणतात, परदेशी भाषा शिकवणं त्या यादीत आहे. बालवाडीत शिकवणं नाही. पण तीन वर्षांच्या मुलाला गोऱ्या टीचरने इंग्रजी शिकवावं ही पालकांची हौस काही कलम बघून थांबत नाही. मग संस्थाचालक एकाच इमारतीत दोन नोंदण्या घेतात, खाली बालवाडी आणि वर बुशीबान. वर्क परमिट, म्हणजे कामाचा परवाना, वरच्या मजल्याचं निघतं, सकाळचे तास मात्र खालच्या मजल्यावर. तपासणीला माणसं आली की टीचरला मागच्या दाराने बाहेर काढायचं. हे इतकी वर्षं चाललंय की विचारलं तर "इथे सगळे असंच करतात" हेच उत्तर मिळतं, आणि ते खोटंही नसतं. पकडलं गेलं तर शिक्षिकेला ३०,००० ते १,५०,००० तैवानी डॉलर दंड होतो आणि देश सोडावा लागतो. मालकाचा दंड त्याहून मोठा आहे, दीड लाखापासून साडेसात लाखांपर्यंत. पण मालक दंड भरून दुसरी टीचर आणतो. तुमच्या पासपोर्टच्या इतिहासात मात्र ती नोंद राहते.

भारतीयांसाठी तैवानात आणखी एक अट आडवी येते. बुशीबानमध्ये जी भाषा शिकवायची ती तुमच्या पासपोर्टच्या देशाची अधिकृत भाषा असावी लागते. आपल्याकडे १९६३ च्या राजभाषा कायद्याने केंद्राच्या कामकाजात इंग्रजी चालू राहिली. तेवढं त्यांना पुरतं का, याचं उत्तर एजंटकडून घेऊ नका. मुंबईत २०२४ पासून तैवानचं आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र आहे, तिथे ईमेल करा आणि लेखी उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नका. तैवानचे कायदे सरकारी संकेतस्थळावर इंग्रजीतही आहेत. कलम ४६ स्वतः वाचा, दहा मिनिटांचं काम आहे.

कोरियात कोडं उलटं. तिथे ज्याला सगळे 'इंग्लिश किंडरगार्टन' म्हणतात ती कायद्याने बालवाडी नसतेच. ती हागवॉन असते, म्हणजे खासगी क्लास, आणि तिला कोरियन भाषेत स्वतःला बालवाडी म्हणवून घ्यायलाही बंदी आहे. हागवॉनमध्ये इंग्रजी शिकवायचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. भारत त्यात नाही. भारत-कोरिया व्यापार करार २०१० मध्ये लागू झाला, त्यात भारतीयांना इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून यायची वाट ठेवली आहे. पण ती शिक्षकाची पात्रता असलेल्यांना आणि शाळांपुरती. तेव्हा सोलच्या 'किंडरगार्टन'ची ऑफर ई-२ व्हिसासह भारतीय पासपोर्टवर आली असेल, तर तिथेच फाइल मिटवा.

चीनचं प्रकरण थोडक्यात. २४ जुलै २०२१ च्या धोरणाने खासगी शिकवण्यांवर टाच आणली. शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांना ऑनलाइन शिकवणी बंद, आणि वर्गात बसवून विषय शिकवणंही बंद, त्यात परदेशी भाषा आली. १ जून २०२५ पासून तिथे पूर्वप्राथमिक शिक्षणाचा स्वतंत्र कायदाही लागू आहे आणि बालवाडीत पहिलीचा अभ्यास घ्यायला त्यात मनाई आहे. शिवाय भाषा शिक्षकाची ती मातृभाषा असावी, पदवी असावी, दोन वर्षांचा अनुभव असावा अशी वर्क परमिटची सर्वसाधारण अट. या चाळणीत अडकलेल्यांना "बिझनेस व्हिसावर या, नंतर बदलून देऊ" असं सांगितलं जातं. नोकरीसाठी लागतो तो झेड व्हिसा. त्याशिवाय काम केलं तर ५,००० ते २०,००० युआन दंड, आणि प्रकरण गंभीर ठरलं तर ५ ते १५ दिवस कोठडी. नंतर बदलून देतो म्हणणारा माणूस त्या कोठडीत तुमच्याबरोबर बसत नाही.

थायलंड त्यामानाने सरळ आहे, म्हणून मी तिथे गेले. बालवर्ग शाळेचाच भाग धरला जातो, नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, वर्क परमिट आणि शिक्षक परिषदेचा, म्हणजे खुरुसपाचा, परवाना किंवा तात्पुरती सूट, अशी ठरलेली वाट आहे. अडचण इतकीच की पर्यटक म्हणून आत शिरणं फार सोपं आहे. त्यामुळे काही शाळा आधी बोलावतात, वर्गावर उभं करतात आणि कागद मागाहून करू म्हणतात. परमिटशिवाय काम सापडलं तर ५,००० ते ५०,००० बात दंड, हकालपट्टी, आणि पुढे दोन वर्षं परमिट नाही.

आता मालकाला काय विचारायचं. ईमेलवरच विचारा, फोनवर नको, कारण फोनवर सगळे गोड असतात. संस्था कोणत्या कायद्याखाली, कोणत्या प्रकारची म्हणून नोंदलेली आहे आणि नोंदणीचा दाखला पाठवाल का? माझ्या परमिटवर पत्ता कोणता असेल आणि कामाचं नाव काय असेल? त्या पत्त्याबाहेर, दुसऱ्या शाखेत किंवा दुसऱ्या मजल्यावर, मला शिकवावं लागेल का? मुलं किती वर्षांची असतील? परमिट नाकारलं गेलं तर परतीचं तिकीट कोण काढणार? सरळ धंदा करणारा मालक याला कंटाळत नाही, दाखल्याचा फोटो पाठवून मोकळा होतो. गेल्या वर्षी सीवूड्सच्या एका मुलीने हे सगळं विचारलं, तर पलीकडून आलं, "तुम्ही फार शंकेखोर दिसता." तिचा निर्णय तिथेच झाला. करारात 'टीचर' आणि परमिटच्या अर्जात 'सल्लागार' किंवा 'मार्केटिंग' असं दिसलं, तर बाकीचं वाचायचीही गरज नाही.

एजंट असेल तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. नोंदणी क्रमांक त्याच्या व्हिजिटिंग कार्डवरून नको, पोर्टलवर नाव घालून तपासा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. आमच्या वर्गातल्या एकीकडे वाशीतल्या एका ऑफिसने याच्या कितीतरी पट रक्कम 'प्रोसेसिंग' म्हणून मागितली होती, तीही रोख. शंका असेल तर मुंबईत बीकेसीला विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांचं हित बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं, कार्यालय आहे, तिथे जाऊन विचारा. ठाण्याहून अर्धा दिवस जातो, जाऊ दे.

कागदांचं सांगते. आपला पूर्वप्राथमिकचा डिप्लोमा कितीही चांगला असला तरी परमिटसाठी तो पदवी म्हणून धरत नाहीत. मार्कशीटवरही भागत नाही, विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र लागतं. त्यावर आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, आणि देशानुसार अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का, किंवा वकिलातीचा शिक्का. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा पोर्टलवरूनच काढा, ठाणेकरांना त्यासाठी वागळे इस्टेटचं केंद्र आहे. चौकीतून आणलेला दाखला बाहेर बऱ्याचदा घेत नाहीत. याला आठवडे लागतात. "पंधरा दिवसांत जॉइन व्हा" म्हणणाऱ्याला हे कागद नकोच असतात, असं समजा.

दुसरे देश फार कडक आहेत अशी तक्रार मुली करतात, तेव्हा मी त्यांना आपला नियम सांगते. भारतात एम्प्लॉयमेंट व्हिसावर येणाऱ्याला वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये पगार लागतो. परदेशी भाषांच्या शिक्षकांना त्यातून सूट आहे, फक्त इंग्रजीच्या शिक्षकांना नाही. ठाण्यातली कुठली नर्सरी टीचरला एवढे पैसे देईल!

तिथे पोचल्यावर परमिट हातात आलं की त्याचा फोटो घरी पाठवा आणि त्यावरचा पत्ता वर्गाच्या दारावरच्या पत्त्याशी ताडून बघा. भाषा येत नसेल तर शेजारच्या दुकानदाराला वाचायला सांगा. पासपोर्ट 'सुरक्षित ठेवायला' ऑफिसात द्यायचा नाही. पगार बँकेत घ्यायचा, कारण उद्या वाद झाला तर तेवढाच पुरावा. अडकलातच तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि दूतावासाला कळवा. नोकरी सोडताना परमिट रद्द झाल्याचा कागद मालकाकडून घेतल्याशिवाय निघू नका. चीनमध्ये तर त्याच्याशिवाय दुसऱ्या शाळेचं परमिट अडतं, आणि एकदा तुम्ही ठाण्याला परत आलात की तो कागद मिळवण्यासाठी मालक तुमचा फोन उचलेलच असं नाही.